कॅलो लेनचा लोखंडी कठडा

मित्रांनो, ज्याच्या खांद्यावर हात टाकून लोक हल्ली हसत फोटो काढतात, तो इंग्लंडमधल्या ब्रॅकनशॉ टाउन फुटबॉल क्लबचा जुना लोखंडी कठडा म्हणजे मी. माझ्यावर ताजा हिरवा रंग आहे. माझ्या मागच्या भिंतीवर लिहिलंय, 'ते सोनेरी दिवस.' ते वाचलं की माझ्या अंगातलं लोखंड तापतं. तुम्ही म्हणाल, कठड्याला कसला आलाय राग? सांगतो. पण मध्ये उठून जाऊ नका. माझी गोष्ट अर्ध्यावर सोडून जाण्याची या गावाला फार सवय आहे.

माझा जन्म याच गावातला. नदीकाठच्या ओतशाळेत मला घडवलं. एक आडवी जाड नळी आणि तिला दोन पाय, एवढाच माझा देह. कॅलो लेनच्या मैदानात पूर्वेच्या बाजूला काँक्रीटच्या रुंद पायऱ्या होत्या. तिथे खुर्च्या नव्हत्या, लोक उभे राहूनच सामना बघायचे. माझे पाय त्या पायऱ्यांत पुरले. माझं काम साधं होतं. मागून गर्दीचा लोंढा आला की तो अंगावर घ्यायचा आणि पुढच्या माणसांवर जाऊ द्यायचा नाही. ज्यांनी मला ओतलं, तेच शनिवारी दुपारी येऊन माझ्यावर कोपर टेकायचे. "आपलाच माल आहे, दणकट आहे," म्हणत मला थोपटायचे. त्यांची मुलं मोठी झाली, तीही माझ्याच मागे उभी राहू लागली.

सत्तरचं दशक आलं तेव्हा मी चांगलाच जुना झालो होतो, पण माझी शान गेली नव्हती. त्या दिवसांच्या आठवणी लोक आज घोळवून घोळवून सांगतात. त्या खोट्या नाहीत, हे मी आधीच कबूल करतो. मैदान म्हणजे नुसता चिखल असायचा. सामना संपेपर्यंत कोणता खेळाडू आपला आणि कोणता परका, हे ओळखू यायचं नाही. खांद्यापर्यंत केस, गालांवर कल्ले, गळ्यात आईने विणलेला हिरवा-पांढरा मफलर. खिम्याचं गरम पॅटिस, कागदी पेल्यातून वाफाळणारं सूप, कुणाच्या तरी हातातला लाकडी खुळखुळा. एकाने गाणं उचललं की सगळी पूर्व बाजू एका गळ्याने गाऊ लागायची. माझ्या नळीत ते गाणं घुमायचं. ते सुख मी भोगलंय.

माझ्या उजव्या टोकाला विल्फ एन्टविसल उभा राहायचा. सूतगिरणीत उभा जन्म गेलेला माणूस. कापसाच्या धुळीने त्याची छाती पोखरली होती. चार पायऱ्या चढला की थांबायचा, म्हणून टेकायला त्याला मी लागायचो. बोलायचा कमी, पण गोल झाला की टोपी काढून माझ्यावर आपटायचा.

त्याच्या शेजारी त्याची मुलगी डोरीन. ती बसमध्ये कंडक्टर होती, वय पंचविशीच्या आसपास. तिचा आवाज असा की तो ऐकायला रेफ्रीला कान लागायचे नाहीत.

"ओ रेफ्री! चुकीच्या बसमध्ये बसलायस! पुढच्या स्टॉपला उतर!"

सगळी बाजू खदखदून हसायची. विल्फ म्हणायचा, "पोरी, जरा दमाने. तो बिचारा घरी बायकोला काय सांगेल?"

"सांगेल की, डोळे तपासून आलो."

आमचा पुढच्या फळीतला खेळाडू टेरी मॉफिट सामन्याला तिच्याच बसने यायचा, बूट पिशवीत घालून. त्या काळी खेळाडू आपल्यासारखेच गल्लीत राहायचे, हेही लोक सांगतात ते खरंच. डोरीन मैदानात आली की सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "आज टेरीला म्हटलं, गेल्या शनिवारी रिकामं जाळं चुकवलंस, आज उभ्यानेच प्रवास कर. उभा राहिला बिचारा!"

डोरीनच्या पलीकडे क्लिफर्ड टॅटरसॉल. भाजीच्या दुकानाचा मालक, गोड गळ्याचा, हसरा. चाहत्यांच्या संघटनेचा तो चिटणीस होता. डोरीनशी त्याचं लग्न ठरलं होतं. तिच्या बोटात त्याची अंगठी होती, आणि थंडीत ती तो हात माझ्यावर ठेवायची, तेव्हा अंगठी माझ्या नळीवर टिकटिक वाजायची.

आता रागाची गोष्ट सांगतो.

माझा उजवा पाय जिथे काँक्रीटमध्ये शिरतो, तिथे एक खळगा पडला होता. त्यात वर्षानुवर्षं पाणी साचायचं. आतून गंज मला खात होता. दर उन्हाळ्यात क्लबचा माणूस ब्रश घेऊन यायचा आणि गंजावरच हिरवा रंग फासून जायचा. वरून मी नवरदेवासारखा चकचकीत, आणि आत पोकळ. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मला तोंड नव्हतं, पण डोरीनला होतं.

त्र्याहत्तर सालच्या शरदातली गोष्ट. सामना सुटल्यावर तिने सहज मला धरून हलवलं. पुन्हा हलवलं. मग खाली बसून पायाशी बोटं घातली. बोटांना लाल भुगा लागला.

"क्लिफ, इकडे ये. हे बघ, हलतोय हा."

क्लिफर्डने हात लावला. त्याच्या तळव्याखाली मी हललो. तो हात अजून माझ्या लक्षात आहे. त्याला कळलं होतं. त्याचा चेहरा उतरला.

"हां, थोडा हलतोय खरा," तो म्हणाला. "तू राहू दे. मी बोलतो साहेबांशी."

तो बोलला नाही. बोलायला तोंड उघडलं की संचालकांच्या खोलीतला आपला मानाचा चहा बंद होतो, हे त्याला ठाऊक होतं. मग डोरीनच एका सकाळी क्लबचे अध्यक्ष स्टॅनक्लिफसाहेब यांना धरून माझ्यापाशी घेऊन आली. गावात त्यांची मांसाची दुकानं होती, अंगावर उंटाच्या केसांचा कोट होता आणि हातात कातडी मोजे.

"हात लावून बघा, साहेब. पडायला आलेला दात हलतो तसा हलतोय."

साहेबांनी हात लावला नाही. मोज्याच्या टोकाने मला नुसतं ठोकलं. "मुली, तुझ्या जन्माच्या आधीपासून उभा आहे हा."

"म्हणूनच तर सांगतेय ना."

"हे बघ, फुटबॉल म्हणजे काय चहापार्टी आहे? थोडी रेटारेटी, थोडी धक्काबुक्की, त्यातच मजा. लोक त्यासाठीच येतात. उन्हाळ्यात रंग देऊ परत."

"रंग नकोय. काँक्रीट फोडून पाय बघा त्याचा. एखाद्या दिवशी माणसं मरतील इथं."

साहेब हसले. "तू तुझी तिकिटं फाड, बाळ. मैदान आम्ही बघतो." आणि ते निघून गेले. एका माणसाने तासभर पहार चालवली असती तर माझा पाय उघडा पडला असता. तासभर! तेवढंही त्यांच्याच्याने झालं नाही.

जानेवारीत चषकाचा सामना आला. लंडनचा एक बडा संघ आमच्या चिखलात खेळायला येणार होता. गाव वेडं झालं. देशात विजेची टंचाई होती, दिवे लावायला बंदी, म्हणून सामना दुपारी लवकर सुरू व्हायचा होता. बड्या संघाचे पैसे बडे. दारं बंद करायची वेळ झाली तरी साहेबांनी ती उघडीच ठेवली. माणसं येतच राहिली. माझ्या मागे एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. कुणाला खिशातून हात काढता येत नव्हता.

डोरीन विल्फच्या कानाशी म्हणाली, "बाबा, इथनं हलू या. वर जाऊ."

"वर चढायला छाती कुठली आणू, पोरी? आणि जाणार कसे? बघ तरी मागे."

तिने मागे पाहिलं. वाट नव्हती. मग ती माझ्या आणि विल्फच्या मध्ये स्वतःचा हात घालून उभी राहिली. क्लिफर्ड त्यांच्याबरोबर नव्हता. त्याला साहेबांनी त्या दिवशी वर, छपराखाली, आपल्या मागच्या खुर्चीवर बसवलं होतं.

उत्तरार्धात टेरी मॉफिटने उडी मारून डोक्याने गोल केला. तो गोल या गावात अजून सांगतात. त्या क्षणी सगळी पूर्व बाजू खाली कोसळल्यासारखी पुढे आली. हजारो माणसांचा आनंद माझ्या पाठीवर पडला. मी धरलं. खरं सांगतो मित्रांनो, होतं नव्हतं ते सगळं पणाला लावून मी धरलं. मग माझा उजवा पाय मोडला. कडकन नाही मोडला, ओल्या बिस्किटासारखा चुरला. मी आडवा झालो आणि माझ्यावर माणसं पडली. सगळ्यात खाली विल्फ होता.

डोरीन ओरडत होती. "मागे व्हा! मागे व्हा! माणूस खाली आहे!" ज्या आवाजावर सगळी बाजू हसायची, तो आवाज त्या दिवशी कुणाला ऐकू आला नाही. वरच्या पायऱ्यांवर गाणं चाललं होतं. लोकांना वाटलं, खाली आनंदाने लोळताहेत. ज्यांना कळलं त्यांनी माणसांना डोक्यांवरून हातोहात खाली नेलं. काहींच्या बरगड्या मोडल्या, एकाचा पाय गेला. विल्फला गोलपोस्टच्या मागे जाहिरातीच्या फळीवर निजवलं. टेरी खेळ सोडून त्याच्याजवळ गुडघ्यावर बसला. डोरीनने बापाचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"बाबा, श्वास घ्या. हळू. घ्या ना."

गिरणीने पोखरलेल्या त्या छातीत आता जागाच उरली नव्हती. रेफ्रीने शिट्टी मारली आणि टेरीला हाका मारून खेळायला बोलावलं. सामना पुढे चालू राहिला, मित्रांनो! विल्फ एन्टविसल त्या फळीवर मेला आणि त्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, चेंडू फिरत होता. आम्ही जिंकलो. वर्तमानपत्रात मोठा फोटो आला तो टेरीच्या उडीचा. विल्फ आतल्या पानावर चार ओळींत होता, आणि त्यातही त्याचं आडनाव चुकवलं होतं.

मृत्यूची चौकशी झाली. मला पुरावा म्हणून नगरभवनात नेलं आणि खिडकीखाली ठेवलं. म्हणून मी सगळं ऐकलं.

डोरीनने जे घडलं ते सांगितलं. हलत होता, दाखवला, हसले, रंग देतो म्हणाले. स्टॅनक्लिफसाहेब म्हणाले की अशी तक्रार आल्याचं आपल्याला स्मरत नाही. मग चाहत्यांचा प्रतिनिधी म्हणून क्लिफर्ड उभा राहिला.

"कठडा भक्कम होता का?" चौकशी अधिकाऱ्याने विचारलं.

क्लिफर्डने डोरीनकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. "आमच्या माहितीप्रमाणे भक्कम होता, साहेब. पण पोरं मजेत झोके देतात त्याला. त्या दिवशी जरा जास्तच उत्साह होता."

झोके! माझ्यावर चेंगरून श्वासासाठी तडफडणाऱ्या माणसांना तो झोके देणारी पोरं म्हणाला. निकाल लागला, अपघात. दोष कुणाचाच नाही. म्हणजे दोष गर्दीचा. म्हणजे विल्फचाच, की तो तिथे का उभा होता.

बाहेर पडताना डोरीन माझ्यापाशी थांबली. क्लिफर्ड मागून आला.

"डोरीन, ऐक तरी. क्लब बुडाला असता गं. गावाकडे दुसरं आहे काय?"

"माझ्याकडे बाप होता," ती म्हणाली. अंगठी काढून तिने त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात टाकली, बसमध्ये उरलेली चिल्लर परत करावी तशी, आणि चालू लागली.

पण ती गप्प बसली नाही. नगरपालिकेच्या दारात ती रोज उभी राहायची. शेवटी कंटाळून त्यांनी यंत्र आणलं आणि पूर्वेच्या बाजूचा एकेक कठडा ओढून पाहिला. माझे निम्म्याहून जास्त भाऊ वाकले, काही तर उपटून हातात आले. ती बाजू हंगामभर बंद ठेवावी लागली. किती माणसं त्यामुळे वाचली असतील, याचा हिशोब कुणी केला नाही. मोडलेल्या बरगड्या दिसतात, न मोडलेल्या कोण बघतो? उलट क्लब खालच्या श्रेणीत घसरला तेव्हा लोकांनी तिच्यावरच खापर फोडलं. तिच्या बसमध्ये चढून म्हणायचे, "ही बघा, क्लब बुडवणारी." ज्यांच्याबरोबर ती गायली, ज्यांना तिने हसवलं, तेच. एकाने तिच्या दाराला काळा रंग फासला. तिने तो पुसला आणि कामावर गेली.

मी मात्र मैदानामागच्या शेडमध्ये पडलो. वर कबुतरं, खाली चिखल. मैदान विकलं गेलं, तिथे घरं झाली. क्लबने गावाबाहेर नवं मैदान बांधलं, खुर्च्यांचं. आणि मग लोकांना एकदम जुन्याचा उमाळा आला. मला शेडमधून काढलं. मोडका पाय जोडला, रंग फासला. पुन्हा रंगच! नव्या मैदानातल्या बारमध्ये मला मानाने उभं केलं. खाली पितळी पाटी लावली, 'कॅलो लेन, पूर्व बाजू. जिथे आपण एक होतो.'

आपण एक होतो म्हणे. बारची आणि कार्यक्रमांची व्यवस्था पाहणारी नसरीन अख्तर त्या पाटीजवळून रोज जाते. तिचं बालपण जुन्या मैदानाच्या मागच्याच गल्लीत गेलं. एकदा पाटी पुसता पुसता ती आपल्या मदतनीस बाईला म्हणाली, "सामन्याच्या दिवशी अब्बा आम्हाला पडदे ओढून आत बसवायचे. गाणी छान ऐकू यायची. मध्येच आमच्या दारावर, आम्ही बाहेरचे म्हणून, बाटली फुटायची." त्या आठवणीला या भिंतीवर जागा नाही.

गेल्या वसंतात दुपारचा सामना संपल्यावर बारमध्ये 'सत्तरच्या आठवणी' असा कार्यक्रम होता. क्लिफर्ड आता ऐंशीच्या पुढचा, पण गळा तसाच गोड. माइक हातात घेऊन त्याने चिखल सांगितला, पॅटिस सांगितलं, टेरीची उडी सांगितली. लोक डोळे पुसत हसत होते. मग माझ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "आणि तो चषकाचा दिवस! आमच्या प्रेमाचा भार बिचाऱ्या या कठड्यालासुद्धा सोसला नाही!"

टाळ्या पडल्या. मित्रांनो, माणूस मेला होता त्यावर टाळ्या पडल्या.

"प्रेमाचा भार नव्हता तो, क्लिफ."

दारात काठी टेकून डोरीन उभी होती. केस पांढरेशुभ्र, पण तोच आवाज, बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोहोचणारा. टाळ्या थांबल्या.

"डोरीन," क्लिफर्ड आवाज खाली आणत म्हणाला, "आज नको. लोक मजा करायला आलेत."

"तेव्हाही मजाच करायला आले होते." ती लोकांमधून पुढे आली. "यांना माझ्या बापाचं नाव सांगितलंस? विल्फ एन्टविसल. साठीचा होता. याच्याखाली मेला."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "ही म्हातारी दर वेळी..." नसरीनने त्या दिशेला असं पाहिलं की पुढचे शब्द त्याच्या घशातच राहिले. मग ती क्लिफर्डकडे वळली.

"मला सांगा टॅटरसॉलकाका, कठडा ढिला होता का?"

क्लिफर्डने आजूबाजूला पाहिलं. हसू आणायचा प्रयत्न केला. "अगं, त्या काळी सगळेच ढिले असायचे. तो काळच तसा होता."

कुणी हसलं नाही. आपण काय बोलून गेलो हे त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा उशीर झाला होता. शब्द माइकमधून साऱ्या खोलीत गेले होते.

"मग चौकशीत का नाही बोललास?" डोरीनने विचारलं.

तो खाली बसला. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. माफी मागायला त्याने हात पुढे केला, पण तिने तो घेतला नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.

नसरीन म्हणाली, "ही पाटी मी काढते. नव्या पाटीवर काय लिहू, सांगा."

डोरीन म्हणाली, "त्याचं नाव लिही. आडनाव नीट लिही. आणि खाली लिही, कठडा ढिला होता, क्लबला सांगितलं होतं."

आता माझ्यावर ती पाटी आहे. काही जुने चाहते नाराज झाले. म्हणतात, मजाच गेली, फोटोत बरं दिसत नाही. नको दिसू दे. डोरीन अधूनमधून येते, पाटी रुमालाने पुसते, नसरीनबरोबर चहा पिते आणि बसने घरी जाते. मैदानाकडे ती बघत नाही.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. आठवणी जरूर काढा, गाणी जरूर म्हणा. पण तुमच्या शाळेतला जिना असो, पाळणा असो, नदीवरचा पूल असो, 'हे हलतंय' असं कुणी सांगत आलं की त्याला हसू नका. ती कोण, तिचं काम काय, हे विचारत बसू नका. रंगाचा डबा तर मुळीच आणू नका. आधी खाली वाका, हात लावा आणि हलतंय का ते बघा. हलत असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करा. पाटीवर नाव लिहिण्यापेक्षा ते फार सोपं काम आहे.